एका जिल्हा न्यायाधीशाचा मनाईहुकूम देशभर चालावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणाऱ्या आदेशावर सही केली. तेव्हापासून अमेरिकेतल्या मराठी घरांत, आणि पुण्या-नाशकात नातवंडाची वाट पाहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरांतही, 'स्टे', 'इंजंक्शन', 'क्लास अ‍ॅक्शन' हे शब्द चहाबरोबर बोलले जाऊ लागले. मला फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माहिती डिसेंबर २०२५ अखेरपर्यंतची आहे.

मुळात वाद कशाचा आहे?

अमेरिकेत केंद्र सरकारची, म्हणजे फेडरल, न्यायालये तीन पायऱ्यांची आहेत. तळाला ९४ जिल्हा न्यायालये, त्यावर १३ अपील न्यायालये आणि शेवटी सुप्रीम कोर्ट. आपल्याकडचे 'जिल्हा न्यायालय' डोळ्यांसमोर आणू नका. तिथला फेडरल जिल्हा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट त्याला मंजुरी देते आणि तो तहहयात पदावर राहतो. राष्ट्राध्यक्षांचा आदेश घटनाबाह्य आहे असे तो ठरवू शकतो, याबद्दल वाद नाही.

वाद पुढचा आहे. त्याने दिलेला मनाईहुकूम कोणाला लागू? जो कोर्टात आला त्यालाच, की देशातल्या सगळ्यांना? सिअ‍ॅटलमधल्या एका न्यायाधीशाने मंगळवारी सही केली, तर बुधवारी फ्लोरिडातल्या सरकारी अधिकाऱ्याचेही हात बांधले जावेत का?

नागरिकत्वाच्या आदेशात काय आहे? आपल्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध?

आईवडील बेकायदा राहत असतील तर मुलाला नागरिकत्व नाही, एवढेच बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. आदेशाचा दुसरा भाग आपल्या घरांना लागतो. आई कायदेशीरपणे पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, म्हणजे विद्यार्थी, नोकरीच्या किंवा पर्यटक व्हिसावर, आणि वडील अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळ अमेरिकेत जन्मले तरी नागरिक नाही, असे तो म्हणतो. एच-वन-बी (कुशल नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्या नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) यात सरळ येतात. ग्रीन कार्डांपैकी एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. त्या रांगेत घर घेतलेली, कर भरणारी, दहा-दहा वर्षे राहिलेली जोडपी कागदावर 'तात्पुरती'च असतात.

दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात येणारा माणूस नागरिक आहे असे सांगणारी, घटनेची १८६८ ची चौदावी दुरुस्ती आहे आणि १८९८ चा वोंग किम आर्क निकाल आहे. वोंग सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. त्याचे आईवडील चिनी प्रजाजन होते. चीनला जाऊन परत येताना त्याला बंदरात अडवले. तो जन्माने अमेरिकी नागरिकच आहे, असे सुप्रीम कोर्टाने ठरवले.

सुप्रीम कोर्टाने जून २०२५ मध्ये हा आदेश योग्य ठरवला ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरला आहे.

सिअ‍ॅटलचे न्यायाधीश जॉन कफनॉर यांनी सहीनंतर तीन दिवसांतच आदेश रोखला आणि तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचे भर कोर्टात सांगितले. त्यांना पदावर रोनाल्ड रेगन यांनी नेमले होते. फेब्रुवारीत मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधूनही देशव्यापी मनाई आली. सरकार सुप्रीम कोर्टात गेले, पण 'आदेश योग्य ठरवा' असे मागायला गेलेच नाही. 'मनाईची व्याप्ती कमी करा' एवढेच मागितले. २७ जून २०२५ रोजी 'ट्रम्प विरुद्ध कासा' (कासा ही स्थलांतरितांसाठी काम करणारी संघटना) या प्रकरणात ६ विरुद्ध ३ मतांनी ते मान्य झाले. नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नाला कोर्टाने त्या दिवशी हात लावला नाही.

मनाईहुकूम आणि 'देशव्यापी' मनाईहुकूम यांत फरक काय?

निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी शेजाऱ्याच्या कर्कश गाण्यांचे उदाहरण दिले आहे. ते आपल्या सोसायटीत आणून बघा. दुसऱ्या मजल्यावरचा रात्री-अपरात्री स्पीकर लावतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कोर्टात जातात. कोर्ट स्पीकर बंद करायला लावते. आता काकूंपुरता स्पीकर बंद आणि बाकीच्यांसाठी चालू, असे करता येत नाही, म्हणून सगळी इमारत शांत झोपते. हे चालते, कारण काकूंना पूर्ण दिलासा देण्याचा दुसरा मार्ग नाही. पण काकूंच्या दाव्यावरून गावातले सगळे स्पीकर बंद करता येणार नाहीत. बहुमताचे म्हणणे थोडक्यात हे: अर्जदाराला पूर्ण न्याय द्या, त्याच्यापलीकडे जाऊ नका.

उदाहरण चपखल आहे. पण नागरिकत्व ही स्पीकरसारखी गोष्ट आहे का, हा माझा प्रश्न उरतोच.

कोर्टाने आधार कशाचा घेतला?

१७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याचा. फेडरल न्यायालयांना मनाईहुकूम देण्याचा अधिकार त्या कायद्याने मिळाला. त्या काळी इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयाकडे जे अधिकार होते तेवढेच या कायद्यात आले, आणि तिथे कोर्टात न आलेल्यांना सरसकट दिलासा देण्याची पद्धत नव्हती, असा हा युक्तिवाद. लक्षात घ्या, निकाल घटनेवर नाही, एका कायद्यावर आधारलेला आहे. म्हणजे काँग्रेसने, अर्थात अमेरिकी संसदेने, उद्या ठरवले तर ती हा अधिकार न्यायालयांना देऊ शकते.

हा प्रकार जुना आहे की अलीकडचा?

पहिले उदाहरण १९१३ चे की १९६३ चे यावर अभ्यासकांत वाद आहे. वाढ मात्र अलीकडचीच. 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'ने २०२४ मध्ये केलेल्या मोजणीत १९६३ ते २०२३ या साठ वर्षांत असे १२७ हुकूम सापडले. त्यांपैकी धाकट्या बुश यांच्या काळात ६, ओबामांच्या १२, ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत ६४ आणि बायडेन यांच्या पहिल्या तीन वर्षांत १४.

याच मोजणीतली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. बायडेन यांच्याविरुद्धचे सगळे १४ हुकूम रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या न्यायाधीशांनी दिले होते. ट्रम्प यांच्याविरुद्धच्या ६४ मधले दहापैकी नऊहून अधिक डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्यांनी. न्यायाधीश विकले गेले होते असे कोणीही म्हणत नाही. पण कोणाच्या दारात जायचे हे वकील आधी ठरवतात, हे या आकड्यांतून लपत नाही.

म्हणजे हा फक्त ट्रम्प समर्थकांचा मुद्दा नाही?

मुळीच नाही, आणि म्हणूनच हा वाद शांतपणे समजून घ्यायला हवा. ओबामांची लाखो स्थलांतरितांना संरक्षण देणारी योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये टेक्सासच्या ब्राउन्सव्हिलमधल्या न्यायाधीश अँड्र्यू हॅनेन यांनी देशभर थांबवली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टात ४-४ अशी मते पडली आणि योजना तिथेच संपली. २०२३ मध्ये अ‍ॅमरिलो या टेक्सासमधल्याच शहरातले न्यायाधीश मॅथ्यू कॅक्समॅरिक यांनी गर्भपाताच्या गोळीची वीस वर्षांहून जुनी मान्यता स्थगित केली. त्या शहरात दाखल होणारी जवळपास प्रत्येक दिवाणी केस त्यांच्याचकडे जायची, त्यामुळे न्यायाधीश निवडता येत होता. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने म्हटले की अर्जदारांना हा दावा लावण्याचा अधिकारच नव्हता.

न्यायमूर्ती एलिना केगन यांनी २०२२ मध्ये एका विद्यापीठात बोलताना, एका न्यायाधीशाने देशाचे धोरण थांबवावे आणि अपिले संपेपर्यंत वर्षानुवर्षे ते थांबलेले राहावे हे बरोबर असू शकत नाही, असे सांगितले होते. बायडेन सरकारच्या सॉलिसिटर जनरल एलिझाबेथ प्रीलोगर यांनीही २०२४ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाला हा प्रश्न हाती घेण्याची विनंती केली होती. सत्तेत असताना प्रत्येकाला हे हुकूम डाचतात, विरोधात बसल्यावर प्रत्येकाला ते हवे असतात.

मग तीन न्यायमूर्तींनी विरोध का केला? केगनही त्यांच्यात होत्याच ना?

होत्या. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या विरोधी निकालपत्रात केगन आणि केटांजी ब्राउन जॅक्सन सामील झाल्या. त्यांचे म्हणणे असे की आदेश इतका उघड घटनाबाह्य आहे की सरकार मूळ मुद्द्यावर लढायलाच तयार नाही. व्याप्तीचा वाद पुढे करून सरकार वेळ मिळवते आहे, आणि जो कोर्टात येऊ शकत नाही त्याच्याशी घटनाबाह्य वागायची मुभा सरकारला मिळते. जॅक्सन यांनी स्वतंत्र निकालपत्रात हा कायद्याच्या राज्यालाच धोका असल्याचे लिहिले.

'फक्त अर्जदारांपुरता दिलासा' हे व्यवहारात कसे दिसते?

आपल्यातल्या अनेकांनी हे भोगलेले आहे. २२ जून २०२० रोजी ट्रम्प यांनी एच-वन-बीवर नवीन येणाऱ्यांना बंदी घातली. सुट्टीवर आलेली कितीतरी माणसे भारतात अडकली. १ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातले न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी ती बंदी रोखली, पण केवळ दावा लावणाऱ्या उद्योग संघटनांच्या सदस्यांपुरती. अमेरिकेचे चेंबर ऑफ कॉमर्स त्यांतले एक. म्हणजे तुमच्या हातातला व्हिसाचा अर्ज शेजाऱ्याच्या अर्जासारखाच असेल, पण त्याची कंपनी त्या संघटनेची सदस्य आणि तुमची नाही, तर तो विमानात आणि तुम्ही घरी. कायदा एकच, आणि तो बेकायदा असण्याचे कारणही एकच. फरक कंपनीने भरलेल्या वर्गणीचा.

आता २०२५ चा वसंत आठवा. हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी संगणकातून एकाएकी रद्द झाल्या. अनेकांच्या बाबतीत कारण जुना वाहतुकीचा गुन्हा किंवा कधीच मागे घेतलेली तक्रार, एवढेच होते. यात भारतीय मुले मोठ्या संख्येने होती. एप्रिलमध्ये जॉर्जियातल्या एका न्यायालयाने १३३ विद्यार्थ्यांना दिलासा दिला, कारण अर्जावर १३३ नावे होती. एकशेचौतिसाव्याने काय करायचे? २२ मे रोजी त्याच जेफ्री व्हाइट यांनी देशभरातल्या विद्यार्थ्यांना संरक्षण दिले, तेव्हा त्या एकशेचौतिसाव्याला वकील न लावता श्वास घेता आला.

पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या, खात्यात शैक्षणिक कर्ज असलेल्या मुलाला अमेरिकी वकिलाची फी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. व्याप्तीचा प्रश्न माझ्यासाठी इथे सुरू होतो.

नागरिकत्वाच्या बाबतीत अशी वाटणी झाली असती तर?

२२ राज्ये या आदेशाविरुद्ध कोर्टात गेली होती. न्यू जर्सी त्यांत आहे, टेक्सास नाही. मनाई राज्यापुरती मर्यादित राहिली असती, तर एडिसनच्या दवाखान्यात जन्मलेले बाळ अमेरिकी आणि डॅलसजवळच्या फ्रिस्कोत त्याच दिवशी जन्मलेले बाळ अमेरिकी नाही, अशी अवस्था झाली असती. दोघांचे वडील एकाच कंपनीत, एकाच व्हिसावर असले तरी. फ्रिस्कोचे कुटुंब पुढच्या वर्षी एडिसनला राहायला आले तर न्यू जर्सीने त्या बाळाला काय समजायचे?

माणसे राज्याच्या सीमेवर थांबत नाहीत, हाच मुद्दा राज्यांनी मांडला आणि तो टिकला. कासा निकालानंतर, जुलै २०२५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी म्हटले की राज्यांना पूर्ण दिलासा द्यायचा तर देशभर मनाई लागतेच. मॅसॅच्युसेट्सचे न्यायाधीश लिओ सोरोकिन यांनीही तेच केले.

म्हणून आदेश लागू झाला नाही?

तेही एक कारण. दुसरे क्लास अ‍ॅक्शन, म्हणजे एकसारखे नुकसान होणाऱ्या सगळ्यांच्या वतीने काहींनी लावलेला सामूहिक दावा. देशव्यापी हुकुमाचे दार बंद करताना बॅरेट यांनी हे दार उघडे ठेवले होते. निकालाच्याच दिवशी न्यू हॅम्पशायरमध्ये असा दावा दाखल झाला. १० जुलैला न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी आदेशाच्या कचाट्यात येणाऱ्या देशभरातल्या बाळांचा एक गट मान्य केला आणि त्या गटापुरती मनाई दिली. फेब्रुवारीत हेच लाप्लांट फक्त अर्जदारांपुरती मनाई देऊन थांबले होते.

५ डिसेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने याच प्रकरणात नागरिकत्वाचा मूळ प्रश्न सुनावणीला घेतला. २०२५ संपेपर्यंत हा आदेश एकाही बाळाला लागू झालेला नव्हता.

परिणाम तोच, तर मग निकालाने काय बदलले?

या एका प्रकरणात थोडे, बाकीच्यांत बरेच. सामूहिक दाव्यात आधी सिद्ध करावे लागते की माणसे पुष्कळ आहेत, सगळ्यांचा प्रश्न एकच आहे आणि पुढे आलेले अर्जदार बाकीच्यांची बाजू नीट मांडतील. नागरिकत्वाच्या आदेशात हे सोपे होते. जिथे प्रत्येकाची परिस्थिती थोडी वेगळी असते, तिथे सरकार याच मुद्द्यावर महिनोन्महिने लढू शकते. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी सहमतीच्या निकालपत्रात बजावलेही आहे की सामूहिक दावे सैलपणे मान्य केले, तर बंद केलेला प्रकार मागच्या दाराने परत येईल.

आणखी एक रस्ता अजून शाबूत आहे. सरकारी खात्याने काढलेला नियम १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याखाली न्यायालय रद्दच करू शकते, आणि रद्द झालेला नियम सगळ्यांसाठीच रद्द होतो. त्याबद्दल बोलायचे कोर्टाने टाळले. पण राष्ट्राध्यक्षांचा स्वतःचा आदेश या कायद्याखाली थेट येत नाही.

काँग्रेस काही करते आहे का?

९ एप्रिल २०२५ रोजी प्रतिनिधीगृहाने डॅरेल इसा यांचे, जिल्हा न्यायाधीशांच्या मनाईला अर्जदारांपुरते बांधणारे विधेयक २१९ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडकले.

एका न्यायाधीशाच्या हाती एवढी सत्ता नको, पण लोकही उघड्यावर नकोत. मधला मार्ग आहे का?

आहे, आणि अमेरिकेने तो एकदा वापरलेला आहे. रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील'मधल्या कायद्यांवर मनाईहुकुमांचा पाऊस पडल्यावर १९३७ मध्ये काँग्रेसने नियम केला: केंद्रीय कायदा घटनाबाह्य म्हणून थांबवायचा असेल तर एकट्या न्यायाधीशाने ते करायचे नाही, तीन न्यायाधीशांनी बसायचे आणि त्यांच्या निकालावर अपील थेट सुप्रीम कोर्टात. कामाचा बोजा फार होतो म्हणून १९७६ मध्ये ही व्यवस्था बहुतांश प्रकरणांसाठी गुंडाळली गेली.

माझे मत विचाराल तर ती परत आणावी, आणि राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनाही लावावी. तीन न्यायाधीश चिठ्ठी टाकून निवडले तर ब्राउन्सव्हिल किंवा सिअ‍ॅटल गाठण्यात अर्थ उरत नाही. थेट अपील असले तर वर्षानुवर्षे लटकणे थांबते. आणि मनाई मिळालीच तर ती सगळ्यांना मिळावी. २७ जूनच्या निकालाने न्यायाधीश निवडण्याच्या रोगावर औषध दिले ते रोग्याला सोडून शेजाऱ्याला. अजूनही वकील हवा तो न्यायाधीश गाठू शकतो. मनाईबाहेर राहतो तो ज्याच्याकडे वकील नाही.

भारतात असा वाद होऊ शकतो का?

होऊन गेला आहे. आपल्याकडे जिल्हा न्यायालय केंद्रीय कायदा घटनाबाह्य ठरवत नाही, तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. उच्च न्यायालयाचा असा निकाल मात्र देशभर लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या कुसुम इन्गॉट्स प्रकरणात म्हटले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डिजिटल माध्यमांच्या आचारसंहितेचे दोन पोटनियम स्थगित केले, तेव्हा ही स्थगिती देशभर धरली पाहिजे, असे पुढच्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले.

पण आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, नेमका हाच अधिकार काढून घेतला होता. कलम २२६-अ घालून केंद्रीय कायद्याच्या वैधतेचा प्रश्न उच्च न्यायालयांनी ऐकायचाच नाही, असे ठरवले. तो फक्त दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात, तिथेही किमान सात न्यायाधीशांसमोर आणि दोन तृतीयांश मतांनीच कायदा रद्द. ज्या कोल्हापूरकरांनी मुंबईचे हेलपाटे वाचावेत म्हणून सर्किट बेंचसाठी दशकानुदशके आंदोलन केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते मिळवले, त्यांना विचारा न्यायालय लांब जाणे म्हणजे काय असते. सरकार बदलल्यावर ४३ व्या दुरुस्तीने ही कलमे काढून टाकली.

आमची सून एच-फोरवर आहे, मुलगा एच-वन-बीवर. बाळंतपण अमेरिकेतच आहे. आम्ही काय करावे?

आधी बाळंतपणाची तयारी करा. आदेश थांबलेला असेपर्यंत बाळाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट नेहमीसारखाच निघतो. दवाखान्यातून दाखला आला की पासपोर्टचा अर्ज रेंगाळू देऊ नका. आईवडिलांचे व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि लग्नाचा दाखला यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा. दोघांपैकी एकाचे ग्रीन कार्ड झालेले असेल तर हा आदेश तुमच्या बाळाला लागूच नाही. आदेशाच्या तारखेनंतर ३० दिवसांच्या आत, किंवा त्याआधी, जन्मलेल्या मुलांनाही तो लागू नाही.

आणि एक गोष्ट आजी-आजोबांना सांगून ठेवा, कारण त्यांची झोप यानेच उडते. बाळ बेवतन राहणार नाही. आईवडील दोघे भारतीय असतील आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसेल, तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करून त्याला भारतीय नागरिकत्व मिळते. मुदत एका वर्षाची आहे, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुमच्या कागदपत्रांत काही वेगळे असेल, व्हिसाची मुदत संपत आली असेल किंवा नोकरी सुटली असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला बाळंतपणाच्या आधीच गाठा.